खेळासाठी राज्य रचताय? आधी जत बघा
कल्पनेतलं राज्य रचून भूमिका खेळणाऱ्या दोस्तांनो, गटातटांचा खरा ताण हवा असेल तर सांगली जिल्ह्यातलं जत संस्थान अभ्यासाच. डफळे घराण्याची ही जहागीर 1827 साली कर्जापायी सातारच्या छत्रपतींनी जप्त केली, कर्ज फिटल्यावर 1841 मध्ये परत दिली. पुढे जहागीरदाराच्या जुलमाचं कारण देत 1874 ते 1885 कारभार इंग्रजांनीच हाकला. गादी एकाची, हुकूम दुसऱ्याचा!

पण मला सगळ्यात भिडतं ते पाणी. दुष्काळाने पिचलेल्या, जतच्या सीमेवरच्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. त्यांच्याच आधारावर नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या 40 गावांवरच्या दाव्याचा विषय काढला. माझ्या पुढच्या खेळात ग्रामपंचायत, संस्थानिक आणि शेजारचं राज्य एकाच तलावाभोवती उभे असतील.