ध्वनिवर्धकाची झिजलेली कड

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, मोपा नावाचे गाव आहे. जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा ही त्याची जुनी ओळख. ५ जानेवारी २०२३ पासून त्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर विमानांची ये-जा सुरू झाली आणि गावाचे नाव दूरवर पोहोचले. या सड्यावर आणि आसपासच्या वारखंड, कासारवर्णे, उगवे या गावांवर मृगापासून पाऊस कोसळू लागला म्हणजे तो मागे हटत नाही. गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सारा या चार महिन्यांत. तेवढ्या काळात मिठाला पाणी सुटते, कपाटातील कपड्यांवर बुरशी धरते, पुस्तकांची पाने मऊ पडतात. घरातील आणखी एका वस्तूवर हा दमटपणा मुकाट्याने काम करीत असतो. पण ती वस्तू जाळीआड झाकलेली असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानी येत नाही. ती वस्तू म्हणजे जुन्या स्टिरिओ संचातील ध्वनिवर्धक होय.

गोव्यातील जुन्या घरांत पुष्कळदा दोन पिढ्यांची श्रवणयंत्रे शेजारी शेजारी ठेवलेली आढळतात. एक असतो व्हॉल्व्हचा रेडिओ. १९४६ साली सुरू झालेले एमिसोरा दे गोवा हे केंद्र आणि १९६१ च्या मुक्तीनंतर आकाशवाणीचे पणजी केंद्र अशा रेडिओंवर ऐकले गेले. दुसरा असतो स्टिरिओ संच, १९७० ते १९९० च्या दरम्यान आखातात किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणा कर्त्या माणसाने मोठ्या हौसेने आणलेला. आश्चर्य असे की, थोरल्या रेडिओतील कागदी शंकू बहुधा अजून शाबूत असतो आणि धाकट्या, महागड्या संचातील ध्वनिवर्धक मात्र फुटक्या आवाजात घरघरू लागतो. जाळी काढून पाहिले तर शंकूभोवतीची काळी फोमची कड बोट लागताच भुग्यासारखी गळून पडते. घरची मंडळी 'यंत्र गेले' असे म्हणून ते भंगारात घालतात. वास्तविक यंत्र गेलेले नसते. त्याचा एक स्वस्त आणि मुळातच अल्पायुषी भाग तेवढा गेलेला असतो, आणि तो घरी बदलता येतो.

हे समजण्यासाठी ध्वनिवर्धकाची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली या यंत्राला जे रूप दिले, तेच मुख्यतः आजही चालत आले आहे. लोखंडी सांगाड्याच्या तळाशी चुंबक असतो. चुंबकाच्या दोन ध्रुवांमधील अरुंद गोल फटीत बारीक तारेचे वेटोळे तरंगत असते. ते शंकूच्या बुडाशी जोडलेले असते. गाण्याबरहुकूम बदलणारी वीज त्यातून वाहू लागली की वेटोळे पुढेमागे हलते, त्याबरोबर शंकू हलतो आणि हवेत ध्वनी उमटतो. हा शंकू दोन ठिकाणी तोललेला असतो. बुडाशी नालीदार कापडाची चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. आणि वरच्या परिघावर ही लवचिक कड असते. शंकूला पुढेमागे जाऊ द्यावयाचे पण बाजूला कलू द्यावयाचे नाही, आणि पेटीतील हवा बाहेर निसटू द्यावयाची नाही, अशी दुहेरी जबाबदारी कडेवर असते.

जुन्या रेडिओत शंकूच्या कागदालाच वळ्या पाडून कड केलेली असे. तिला फारसे हलावे लागत नसे. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करणारे ध्वनिवर्धक बनविण्यास आरंभ केला. त्यामुळे लहान पेटीतून खर्जाचे स्वर भरदारपणे निघू लागले. परंतु त्यासाठी शंकूला पुष्कळ लांब हेलकावे घ्यावे लागत, आणि वळ्या पाडलेला कागद त्याला पुरेसा नव्हता. प्रथम कापडी कडा आल्या. १९७० च्या सुमारास फोमच्या कडा सर्रास वापरात आल्या. फोम हलका, मऊ, स्वस्त आणि साच्यात सहज घडणारा. त्याच्यात दोष एकच होता आणि तो दिसावयास पंधरा-वीस वर्षे लागणार होती.

हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी शोधून काढलेल्या या पदार्थाच्या अनेक जातींपैकी पॉलिएस्टर जातीच्या फोमची रेणुसाखळी ज्या दुव्यांनी जोडलेली असते, ते दुवे घडताना पाणी बाहेर पडते. हवेतील ओलावा त्या सच्छिद्र पदार्थात शिरला की तीच क्रिया उलट्या दिशेने सुरू होते: पाणी दुव्यात शिरते आणि दुवा तुटतो. एकेक दुवा तुटत फोम आधी चिकट होतो, मग ठिसूळ होतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. उष्णतेने ही क्रिया वेगावते. सूर्यप्रकाश आणि प्राणवायू तिला हातभार लावतात. म्हणूनच न वाजविता जपून ठेवलेला संचही या नाशातून सुटत नाही. ही झीज वापराची नव्हे, काळाची आणि ओलाव्याची असते; आणि कोकणपट्टीच्या हवेत या दोहोंपैकी ओलाव्याला तोटा नाही.

येथे एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कड फाटल्याची शंका येताच संच वाजविणे त्या क्षणी थांबवावे. आवाज कमी येतो म्हणून तो वाढविणे ही हमखास घडणारी चूक होय. कडेचा आधार सुटलेला शंकू कलतो, वेटोळे फटीच्या भिंतीला घासते, तारेवरील लेप खरवडला जातो आणि तार जळते किंवा तुटते. कड बदलणे हे एका सुटीच्या दिवसाचे काम आहे. वेटोळे बदलणे हे कसबी कारागिराचे काम आहे, आणि जुन्या संचांसाठी तसे वेटोळे मिळेलच असे नाही.

दुरुस्तीपूर्वी परीक्षा करावी. संचाची वीज तोडून ध्वनिवर्धक पेटीतून काढावा. कोणती तार कोणत्या टोकाला होती याची खूण करून ठेवावी. स्क्रू काढताना एका हाताने शंकू झाकावा, कारण प्रबळ चुंबक स्क्रूड्रायव्हर ओढून घेतो आणि कागदाला भोक पडते. मग टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल दोन टोकांना क्षणभर टेकवावा. शंकू टचकन हलला तर वेटोळे जिवंत आहे. अजिबात हालचाल नसेल तर कड बदलून उपयोग नाही.

नवी कड मागविताना '८ इंची' किंवा '१० इंची' एवढे सांगणे पुरत नाही, कारण एकाच नावाच्या मापात फरक असतात. चार मापे घ्यावीत: कडेच्या बाहेरच्या पट्टीचा व्यास, फुगीर वळीचा बाहेरील व्यास, तिचा आतील व्यास आणि शंकूला चिकटणाऱ्या आतल्या पट्टीचा व्यास. कड शंकूच्या वरच्या बाजूस चिकटविलेली होती की खालच्या, हेही टिपून ठेवावे. दोन ध्वनिवर्धकांपैकी एकाचीच कड फाटली असली तरी दोन्ही कडा एकदमच बदलाव्यात, म्हणजे डाव्या-उजव्या आवाजात भेद राहत नाही.

जुना फोम काढणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत निर्णायक काम. आधी परिघावरील पुठ्ठ्याची पट्टी बोथट सुरीने उचलून जपून ठेवावी. सांगाड्यावरील चिकट अवशेष खरवडून काढावेत. शंकूवरील अवशेष मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या कापसाने हळूहळू पुसावेत. कागद भिजता कामा नये. खिडकी उघडी असावी आणि जवळपास विस्तव नसावा. फोमचा कण वेटोळ्याच्या फटीत पडणार नाही याची दक्षता घ्यावी.

चिकटविण्याचे काम दोन टप्प्यांत करावे. कागदी शंकूसाठी सुताराचा पांढरा गोंद चांगला, कारण तो सावकाश सुकतो आणि चूक सुधारण्यास अवकाश देतो. प्लॅस्टिकच्या शंकूला तो धरत नाही; तेथे त्यासाठीच बनविलेला गोंद वापरावा. प्रथम आतील पट्टी शंकूला चिकटवून पूर्ण सुकू द्यावी. नंतर बाहेरील पट्टी सांगाड्याला चिकटवावयाची, आणि खरे कौशल्य येथेच आहे. फट मिलिमीटरच्या अंशाइतकी असते. वेटोळे तिच्या बरोबर मध्यावर राहिले पाहिजे. त्यासाठी मधली लहान टोपी कापून वेटोळे आणि ध्रुव यांच्यामध्ये जुन्या छायाचित्रांच्या फिल्मच्या तीन-चार अरुंद पट्ट्या सारख्या अंतरावर खोचतात, आणि गोंद सुकल्यावर त्या काढून टोपी पुन्हा चिकटवितात. टोपी कापावयाची नसेल तर गोंद ओला असताना शंकू बोटांनी हलकेच खालीवर करीत, घासण्याचा आवाज थांबेपर्यंत कड किंचित सरकवावी. मग कपड्यांचे चिमटे परिघावर लावून चोवीस तास ठेवून द्यावे. पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी घाई करू नये.

शेवटी दोन्ही हातांची बोटे शंकूवर सारखी पसरून तो हळूच दाबावा. कुठेही खरखर ऐकू येता कामा नये. त्यानंतरच ध्वनिवर्धक पेटीत बसवावा आणि प्रथम काही काळ मंद आवाजात वाजवावा.

काही जण विचारतात की, फोम पुन्हा कुजणारच असेल तर रबराची कड का लावू नये? रबर अधिक काळ टिकते हे खरे. पण ते जड आणि ताठ असते. मुळात फोमच्या मऊपणावर बेतलेल्या शंकूला ते लावले की त्याचा स्वाभाविक कंप बदलतो आणि खर्ज मुळासारखा उमटत नाही.

गोमंतकीयांना हा प्रश्न नवा नाही. घुमट या त्यांच्या लोकवाद्याचा मातीचा घट डिचोलीसारख्या कुंभारकामाच्या परंपरेतून आला. त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिले आणि बकरीचे कातडे आले. पडदा बदलला तसा नादही बदलला. वादकांना नव्या नादावर कान आणि हात बसवावे लागले. पण घुमट राहिले, आणि २०१९ साली गोवा शासनाने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. कातडे फाटले म्हणून घट फेकून द्यावा असे कोणत्याही घुमटवादकाला कधी वाटले नाही.

ध्वनिवर्धकाचीही गोष्ट तीच आहे. चुंबक, सांगाडा आणि शंकू हा त्याचा घट; फोमची कड हे त्याचे कातडे. नवी कडही पंधरा-वीस वर्षांनी जाईल, आणि तेव्हा घरातील कुणी तरी ती पुन्हा बदलील. समुद्रापार राबून कुणी आणलेल्या त्या पेटीचा आवाज पुढच्या पिढीने ऐकावयाचा की नाही, हे एका बोटभर रुंदीच्या कडेवर, आणि ती फाटताच संच बंद करणाऱ्या हातावर अवलंबून आहे.