प्रवेश-निर्गमन प्रणाली (युरोपीय संघ)

प्रवेश-निर्गमन प्रणाली ही अल्पमुदतीच्या वास्तव्यासाठी शेंगेन क्षेत्रात येणाऱ्या परकीय प्रवाशांची सीमेवर संगणकीय नोंद ठेवणारी युरोपीय संघाची व्यवस्था आहे. 'एन्ट्री-एक्झिट सिस्टीम' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'ईईएस' म्हणून ओळखली जाते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. सर्व सीमानाक्यांवर पूर्ण अंमलबजावणीसाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली.

पार्श्वभूमी

पूर्वी पारपत्रावरील शिक्के पाहून वास्तव्याचे दिवस हाताने मोजले जात. शिक्के पुसट होत आणि एका देशातून आत येऊन दुसऱ्या देशातून बाहेर पडणाऱ्याचा हिशेब लावणे अवघड जाई. हा दोष दूर करण्यासाठी युरोपीय संघाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी या प्रणालीचा कायदा संमत केला. तिचे संचालन टॅलिन येथे मुख्यालय असलेली 'ईयू-लिसा' ही संस्था करते. प्रणालीत २९ देश आहेत. आयर्लंड व सायप्रस त्यांत नाहीत.

कार्यपद्धती

पहिल्या प्रवेशाच्या वेळी पारपत्राचा तपशील, चेहऱ्याचे छायाचित्र आणि चार बोटांचे ठसे घेतले जातात. १२ वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहीत. शेंगेन व्हिसा घेणाऱ्यांचे ठसे अर्जाच्या वेळीच व्हिसा माहिती प्रणालीत साठवलेले असतात. त्यामुळे भारतीय पारपत्रधारकांच्या बाबतीत ईईएसमध्ये चेहऱ्याच्या छायाचित्राची भर पडते. या नोंदणीसाठी शुल्क नाही.

नव्वद दिवसांचा हिशेब

कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत सर्व २९ देशांत मिळून जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. हा नियम जुनाच आहे. आता त्याची मोजणी यंत्र करते. आगमनाचा व प्रस्थानाचा असे दोन्ही दिवस धरले जातात. व्हिसाची वैधता आणि वास्तव्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत: व्हिसा वर्षभराचा असला, तरी सलग वर्षभर राहता येत नाही. व्हिसावर ९० पेक्षा कमी दिवस नमूद असतील, तर तीच मर्यादा ठरते.

निलंगा, उदगीर किंवा देगलूर येथून मुलीच्या बाळंतपणासाठी जर्मनीस जाणाऱ्या आईवडिलांचे उदाहरण घेता येईल. 'तीन महिने' म्हणजे ९० दिवस नव्हेत. १ जुलै ते ३० सप्टेंबर हे ९२ दिवस होतात. १ जुलैस पोहोचलेल्यांना २८ सप्टेंबरपर्यंत निघावे लागते, आणि सर्व ९० दिवस वापरले असल्यास २८ डिसेंबरपूर्वी परत येता येत नाही.

मुदत उलटल्यास दंड, हद्दपारी किंवा प्रवेशबंदी होऊ शकते. बाहेर पडल्याची नोंद नसल्यास प्रवासी मुदतीपलीकडे राहिला असे गृहीत धरले जाऊ शकते. मात्र तिकीट, बोर्डिंग पास यांसारखा विश्वसनीय पुरावा देऊन हे गृहीतक खोडता येते.

निरनिराळ्या प्रवाशांची स्थिती

एकाच मराठी कुटुंबातील व्यक्तींना वेगवेगळे नियम लागू होऊ शकतात. या देशांत निवास परवाना किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा घेऊन नोकरी वा शिक्षण करणाऱ्यांची नोंद ईईएसमध्ये होत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले गोमंतकीय युरोपीय संघाचे नागरिक असल्याने त्यांनाही ती लागू नाही. ब्रिटिश पारपत्र असलेल्या मराठी व्यक्तींना व्हिसा लागत नाही, पण ईईएसमध्ये ठसे द्यावे लागतात.

माहितीची साठवण

प्रवेशाची नोंद साधारणतः बाहेर पडल्यानंतर ३ वर्षे, तर निर्गमनाची नोंद नसल्यास ५ वर्षे ठेवली जाते. व्हिसा अधिकारी व पोलीस यंत्रणा विहित अटींवर ती पाहू शकतात. एप्रिल २०२४ पासून, आधीचे दोन व्हिसा तीन वर्षांत नियमानुसार वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. त्यामुळे स्वच्छ नोंदीचे महत्त्व वाढले आहे. चुकीच्या नोंदीची दुरुस्ती मागण्याचा हक्क प्रवाशास आहे.

संबंधित व्यवस्था

'एटियास' ही व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठीची स्वतंत्र पूर्वपरवानगी असून तिचे शुल्क २० युरो ठरले आहे. भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा आवश्यक असल्याने ती त्यांना लागू होत नाही.