जांघेचे दुखणे: विश्रांती पुरेशी आहे काय?

भातकापणी आटोपली की गावोगावची मुले मोकळ्या शेतांत फुटबॉल खेळू लागतात. महिनाभरात त्यांतला एखादा जांघ धरून घरी बसतो. आई तेल चोळते, शेक देते. चार आठवडे स्वस्थ बसल्यावर बरे वाटते. मग पुन्हा चेंडूला लाथ मारताच तीच कळ येते. असे दोन-तीनदा झाले की मुलगा खेळ सोडून देतो. हे का होते, ते आज समजून घेऊ.

कमरेच्या हाडात एक वाटी असते. तिच्यात मांडीच्या हाडाचे गोल डोके फिरते. हाच खुब्याचा सांधा. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू वर जांघेतील हाडाला चिकटलेले असतात. लाथ मारताना किंवा धावता धावता एकदम वळताना त्यांच्यावर मोठा ताण पडतो. ताण सोसेनासा झाला की स्नायू हाडाला जेथे चिकटतो तेथे दुखू लागते. विश्रांतीने दुखणे शमते खरे, पण स्नायू अधिकच दुबळा होतो. म्हणून खेळ सुरू होताच दुखणे परत येते.

डेन्मार्कमधील डॉक्टर पेर हॉल्मिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीर्घकाळ जांघ दुखणाऱ्या ६८ खेळाडूंचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला मालिश, स्नायू ताणणे, विजेचे व लेसरचे शेक असे उपचार दिले. दुसऱ्या गटाकडून स्नायू बळकट करण्याचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेतले. ५९ जणांनी उपचार पुरे केले. व्यायामाच्या गटातील २९ पैकी २३ जण वेदनेशिवाय पूर्वीसारखे खेळू लागले. दुसऱ्या गटातील ३० पैकी केवळ ४ जणांना ते साधले.

यातला पहिला व्यायाम अगदी सोपा आहे. उताणे निजावे. दोन्ही पावलांमध्ये फुटबॉल धरून ३० सेकंद दाबावा व सोडावा. असे १० वेळा करावे. मग चेंडू गुडघ्यांमध्ये धरून तसेच करावे. दोन आठवड्यांनंतर हळूहळू अवघड व्यायाम घ्यावेत. हा क्रम आठवड्यातून तीन दिवस, ८ ते १२ आठवडे चालतो. येथेच आपली मुले चुकतात. पंधरा दिवसांत बरे वाटले की ती मैदानात उतरतात. पेरलेले बी रोज उकरून पाहिल्याने लवकर उगवत नाही!

दुखणे येण्याआधीही उपाय आहे. नॉर्वेतील फुटबॉल संघांनी हंगामापूर्वी आठवड्यातून तीनदा व हंगामात एकदा या स्नायूंचा एकच व्यायाम केला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. गावच्या संघानेही सरावाच्या वेळी दहा मिनिटे यासाठी काढावीत.

मात्र जांघेतील प्रत्येक दुखणे स्नायूचेच असते असे नाही. हर्निया असू शकतो, खुब्याच्या हाडाच्या ठेवणीत दोष असू शकतो. म्हणून व्यायामापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

आईबापांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. १० ते १६ वर्षांचे मूल, त्यातही वजनाने भारी, लंगडू लागले आणि मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणाले, तर दोष खुब्यात असू शकतो. खुब्याची व गुडघ्याची संवेदना नेणाऱ्या काही नसा एकच असल्याने दुखणे भलत्याच जागी जाणवते. या वयात मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या जागेवरून सरकण्याचा एक आजार होतो. पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले दिसते. अशा मुलाला चोळू नये, चालवू नये. त्याच दिवशी इस्पितळात नेऊन केवळ गुडघ्याचा नव्हे, तर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढून घ्यावा. वेळीच स्क्रू बसवला तर सांधा वाचवता येतो. उशीर झाला तर जन्माचे लंगडेपण येऊ शकते.

तेव्हा मोठ्यांनी व्यायामात धीर धरावा. लंगडणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नये.