निऱ्यांचे गणित : स्कॉटिश सैनिकाचा किल्ट



नानाखेड्यात बसून स्कॉटलंडच्या सैनिकी वस्त्राविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु 1803 साली आपले उज्जैन शिंद्यांची राजधानी होते. आणि त्या वर्षी 23 सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांसमोर आर्थर वेलस्लीने ज्या पलटणी उभ्या केल्या, त्यांत 74वी व 78वी या दोन हायलंडर पलटणी होत्या. शत्रूचे शस्त्र आपल्या इतिहासकारांनी बारकाईने पाहिले. त्याचे वस्त्र मात्र ‘घागरेवाल्या गोऱ्यांचा पोशाख’ अशा थट्टेवारीपलीकडे फारसे कोणी पाहिले नाही. वास्तविक किल्ट समजून घेण्याची पात्रता ज्या समाजात नऊवारी नेसली जाते त्या समाजाइतकी क्वचितच दुसऱ्या कोणाची असेल.

प्रथम शब्द पाहू. भाषेच्या अध्यापकाची ही खोड क्षम्य मानावी. स्कॉट बोलीत ‘किल्ट’ हे मुळात क्रियापद आहे. वस्त्र वर घेऊन खोचणे हा त्याचा अर्थ, आणि त्याचे मूळ स्कँडिनेव्हियाच्या भाषांकडे जाते. ‘प्लेड’ या शब्दाचा गेलिक अर्थ तर सरळसरळ घोंगडी. सैनिकाचे मूळचे वस्त्र तसेच होते. 1739 साली उभ्या राहिलेल्या ‘ब्लॅक वॉच’ पलटणीच्या शिपायास सुमारे 12 वार लोकरी कापड मिळे. त्या काळच्या मागाचा पन्हा दोन-सव्वादोन फुटांचा असल्यामुळे त्याचे दोन तुकडे लांबीने जोडून दुप्पट रुंदीची घोंगडी करीत. रोज सकाळी तिच्या मधल्या भागाला चुण्या घालायच्या, कमरेला पट्टा आवळायचा आणि वरचा भाग खांद्यावर अडकवायचा. रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. शिवण केवळ जोडाची. बाकी सारे नेसण्याचे कौशल्य. खालचा अर्धाच भाग ठेवून केलेला आखूड प्रकार अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला, आणि तोच आजच्या किल्टचा पूर्वज होय. 1746 च्या कायद्याने हायलंडच्या पुरुषांना हा पोशाख निषिद्ध ठरला. बंदी 1782 पर्यंत टिकली. सरकारी सैनिक मात्र तिच्यातून वगळलेले होते. स्वतःचे पारंपरिक वस्त्र अंगावर घालावयाचे तर राजाची बंदूक खांद्यावर घ्यावी लागे, हे या पोशाखाच्या इतिहासातील सर्वांत कडवट वाक्य आहे असे मला वाटते.

आता विणकाम. टार्टनच्या चौकड्या छापलेल्या नसतात. ताण्यात रंगीत धाग्यांचा जो क्रम, तोच बाण्यात. अमुक धागे निळे, अमुक काळे, अमुक हिरवे, असे मोजून एका टोकापर्यंत जायचे आणि तेथून त्याच क्रमाने उलटे परतायचे. एक संपूर्ण आवर्तन म्हणजे ‘सेट’. निळ्यावर निळा पडला की शुद्ध निळा. निळ्यावर हिरवा पडला की मिश्र छटा. तीन रंगांतून अशा रीतीने सहा छटा निघतात. बॅनॉकबर्नच्या विल्सन घराण्याने सैन्याला हे कापड दीर्घकाळ पुरविले, आणि 1819 साली धाग्यांच्या हिशेबाची एक नमुनावही सिद्ध केली.

आपल्या महेश्वरी साडीत ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण साधी, म्हणजे एक धागा वर, एक खाली. टार्टनची वीण तिरपी असते. बाण्याचा धागा ताण्याच्या दोन धाग्यांवरून, मग दोन धाग्यांखालून जातो. पुढचा धागा एक घर सरकून तेच करतो. म्हणून मिश्र रंगाच्या चौकोनात बारीक तिरक्या रेषा दिसतात. या विणीत धागे अधिक दाट बसतात, तरी कापड लवते आणि त्याची घडी ठसठशीत उमटते. निऱ्यांसाठी हेच हवे असते.

एक साम्य तर विलक्षण आहे. साडीप्रमाणेच किल्टचे कापडही लांबीने अंगाभोवती फिरते. विणलेला काठ खाली येतो. खाली दुमड घालून शिवत नाहीत. घातली असती तर निरीच्या प्रत्येक थरात तिची जाडी दुप्पट झाली असती, आणि निऱ्या सपाट बसल्या नसत्या.

शिवलेल्या निऱ्या आल्या त्या अठराव्या शतकाच्या अखेरीस. प्रारंभी त्या पेटीसारख्या, रुंद व थोड्या. चार वार कापड पुरे होई. एकाच दिशेला वळणाऱ्या, सुरीच्या पात्यासारख्या निऱ्या गॉर्डन हायलंडर पलटणीने 1853 साली स्वीकारल्या असे सांगतात. पुढे कापड आठ वारांपर्यंत वाढले. सैनिकी पद्धत रेघेवर निरी घालण्याची. प्रत्येक निरीत एक संपूर्ण सेट गिळायचा आणि दर्शनी पट्टीवर तीच एक रेघ आणायची. गॉर्डनांची पिवळी होती. समजा, सेट 8 इंचांचा आहे. आठ वार म्हणजे 288 इंच. पुढच्या दोन सपाट पदरांना 48 इंच गेले, उरले 240. त्यांत 30 निऱ्या बसल्या. पाठीमागची रुंदी 20 इंच धरली तर प्रत्येक निरीचा दिसणारा भाग जेमतेम दोन तृतीयांश इंच. बाकी सारे कापड आत दडते आणि चालताना क्षणभर उघडते. नागरी पद्धतीत मात्र निऱ्या अशा जुळवतात की पाठीमागेही चौकड्यांचे चित्र अखंड राहावे. तेथे शिंप्याची परीक्षा अधिक कठीण, पण पलटणीला चित्र नको असते, रांग हवी असते.

असईच्या त्या दोन पलटणींचे पुढे काय झाले? 74व्या पलटणीची असईत भयंकर हानी झाली होती. 1809 च्या एप्रिलमध्ये सहा पलटणींचा किल्ट काढून घेण्याचा हुकूम निघाला, त्यांत ती होती. हायलंडबाहेरच्या तरुणांना हा पोशाख नको असतो, भरती अडते, हे कारण. 78वीचा किल्ट राहिला. पहिल्या महायुद्धात खंदकांतील चिखलाने निऱ्या जड होत, गोठलेला काठ गुडघ्यामागे कातडी कापी, आणि निऱ्यांच्या शिवणींत उवा होत. रंग झाकण्यासाठी वरून खाकी कापडाचे आवरण बांधीत. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी लढाईच्या पोशाखातून किल्ट वगळला गेला. तरीही 1940 साली फ्रान्समध्ये कॅमेरॉन हायलंडर पलटणीतील काही शिपाई किल्ट नेसूनच लढले. 2006 साली जुन्या पलटणी एकत्र करून स्कॉटलंडची एकच रेजिमेंट केली गेली. तिच्या समारंभी किल्टसाठी निवडले गेले ते गडद हिरव्या-निळ्या सरकारी टार्टनचेच एक रूप.