बियालिक मराठीत का आला नाही?

सेलूहून वर्ध्याकडे निघालं की पवनार लागतं, आणि वर्ध्यापलीकडे सेवाग्राम. या टापूत हिब्रू साहित्याचा विषय काढला तर कुणीही चमकेल. पण सेवाग्रामला सेगावच म्हणत तेव्हाची, नोव्हेंबर १९३८ची गोष्ट. जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा आणि पॅलेस्टाईन अरबांचं आहे, असं सांगणारा गांधीजींचा लेख 'हरिजन'मध्ये आला. हिब्रू विद्यापीठाच्या मार्टिन बुबर आणि ज्यूदा माग्नेस यांनी पुढच्या फेब्रुवारीत जेरुसलेमहून त्याला सविस्तर पत्रोत्तरं लिहिली.

ज्या हिब्रूच्या नावाचं हे विद्यापीठ, ती तेव्हा घरादारांत बोलली जाऊ लागून साठ वर्षंही झाली नव्हती. ती बोली रुजवणारा एलिएझर बेन येहुदा पॅलेस्टाईनला पोहोचला १८८१मध्ये. साहित्य मात्र बोलीच्या आधीच जागं झालं होतं. अब्राहम मापूची पहिली हिब्रू कादंबरी १८५३ची. ओडेसात नावारूपाला आलेला बियालिक आणि पेशाने डॉक्टर असलेला चेर्निखोव्स्की यांनी कवितेला नवं वळण दिलं, तेही पूर्व युरोपातल्या उच्चारांवर. पॅलेस्टाईनात बोलली गेलेली हिब्रू वेगळ्या आघाताची. परिणाम असा, की राष्ट्रकवी बियालिकच्या ओळी आज इस्रायलमध्ये वाचताना वृत्त मोडतं. नव्या बोलीची लय आणली ती राहेलने. किनेरेतच्या शेतात राबलेली ही कवयित्री १९३१मध्ये क्षयाने गेली. पुढे येहुदा अमिखाईने प्रार्थनेतले शब्द प्रेमाच्या आणि युद्धाच्या कवितेत आणले. मला तो सर्वांत जवळचा वाटतो.

बियालिक जन्मण्याआधीच इकडे, महाराष्ट्रात, हिब्रूचा मराठीशी संसार सुरू झाला होता. मिशनरी जॉन विल्सनचं मराठीतलं हिब्रू व्याकरण १८३२चं. पुण्यात १८७४मध्ये निघालेल्या हिब्रू-मराठी हगादाच्या, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीच्या, चित्रांत सणाच्या रोट्या करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत. मुंबईतल्या डेव्हिड ससून शाळेचे हेडमास्तर जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना एकामागून एक मराठीत आणल्या. १८८०च्या सुमारास बेने इस्रायल, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, कीर्तनकार अब्राहम-मोशेची आख्यानं लावू लागले. हे सारं धर्मग्रंथांपुरतं राहिलं. त्याच काळात ओडेसात घडत होतं ते इकडे पोहोचलं नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवत आलेल्या या बेने इस्रायलांना प्रार्थनेची हिब्रू हवी होती, कवितेची नव्हे. त्यात त्यांचा दोष नाही.

उलट दिशेचा प्रवास मात्र झाला. इमॅन्युएल ओल्सव्हँगर हा संस्कृत जाणणारा पंडित १९३६मध्ये ज्यू एजन्सीतर्फे पॅलेस्टाईनातल्या ज्यूंसाठी पाठिंबा मिळवायला हिंदुस्थानात आला, गांधीजींना भेटला. ती राजकीय कामगिरी फारशी फळली नाही. पण पुढच्याच वर्षी हाईम सॅम्युअल केहिमकर यांचा बेने इस्रायलांचा इतिहास, लेखकाच्या पश्चात, त्याने तेल अवीवमध्ये छापून आणला. १९५६मध्ये त्याची हिब्रू भगवद्गीता आली. पवनारच्या विनोबांची 'गीताई' त्याआधी पंचवीस वर्षांची.

१९४८नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले; तिथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघू लागलं. तरी आपल्यापर्यंत अमिखाई पोहोचतो तो बहुधा इंग्रजीच्या आडून. अश्दोद, लोद, दिमोना इथे हिब्रू आणि मराठी दोन्ही घरच्या असलेली माणसं अजून आहेत, पण मराठी जाणणारी पिढी थकते आहे. मराठी प्रकाशकांनी राहेल आणि अमिखाई थेट हिब्रूतून आणायचं काम त्यांच्याकडे आत्ताच सोपवावं.