स्कूटर घ्यायची, पण पेट्रोलची की विजेची?

दसरा किंवा पाडवा जवळ आला, की वाहनविक्रेत्यांच्या दालनांत गर्दी होऊ लागते. एकेकाळी मध्यमवर्गीय कुटुंबाला स्कूटर घेताना फारशी निवड नसे. बजाज चेतकसाठी नाव नोंदवायचे आणि क्रमांक लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहायची, एवढाच मार्ग होता. १९७२ मध्ये बाजारात आलेली ही स्कूटर पुढे बंद झाली आणि २०२० मध्ये त्याच नावाने पुन्हा रस्त्यावर उतरली, ती विजेवर चालणारी होऊन. आज प्रतीक्षा उरलेली नाही. मात्र निवडीचा पेच उभा राहिला आहे. लाखाच्या आसपासची ही खरेदी चुकली, तर तिचा भार पुढची पाच-सात वर्षे घरखर्चावर पडत राहतो.

या निवडीचे उत्तर जाहिरातीत किंवा शेजाऱ्याच्या अनुभवात शोधले जाते. प्रत्यक्षात ते दोन साध्या प्रश्नांत दडलेले असते. स्कूटर रोज किती किलोमीटर धावणार आणि रात्री ती कोठे उभी राहणार?

विजेचा प्रवास स्वस्त का?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. पेट्रोलचे इंजिन त्यातील बहुतांश उष्णतेच्या रूपाने वाया घालवते. विजेवरील मोटार मात्र मिळालेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा थेट चाकाला देते. त्यामुळे ज्या अंतरासाठी पेट्रोलच्या स्कूटरला दोन लिटर, म्हणजे सुमारे अठरा युनिटांची ऊर्जा लागते, तेच अंतर ई-स्कूटर बॅटरीतील तीन युनिटांत कापू शकते.

रुपयांत हा फरक असा दिसतो. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि शहरातील सरासरी ४५ किलोमीटर धरली, तर किलोमीटरला सुमारे २ रुपये ३३ पैसे पडतात. चार्जिंगमधील गळती धरून ई-स्कूटरला शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट लागले आणि युनिटचा दर १२ रुपये मानला, तर किलोमीटरला ४२ पैसे होतात. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे १ रुपया ९० पैशांची बचत होते.

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांनंतर पुढील युनिट महाग होत जाते. स्कूटरमुळे वाढलेले युनिट वरच्या टप्प्यात जातील, ही शंका रास्तच आहे. परंतु युनिटला १८ रुपये पडले, तरी किलोमीटरचा खर्च ६३ पैशांपुढे जात नाही.

खरा निकष अंतराचा

बचत किलोमीटरमागे होत असल्याने ती प्रत्येकाच्या पदरी सारखी पडत नाही. कोथरूडहून पिंपरीला नोकरीसाठी रोज स्कूटरने ये-जा करणारा माणूस दिवसाला तीस किलोमीटर धरले, तरी वर्षातील तीनशे दिवसांत नऊ हजार किलोमीटर कापतो. त्याचे वर्षाला सुमारे १७ हजार रुपये वाचतात. ई-स्कूटर पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा तीस हजारांनी महाग पडली, असे मानले तरी हा जादा पैसा दोन वर्षांच्या आत वसूल होतो.

याउलट, दादरला राहून लोकलने कामावर जाणाऱ्या कुटुंबाची स्कूटर मंडई, शाळा आणि स्थानक एवढीच फिरते. दिवसाला सहा किलोमीटर धरले, तर वर्षाची बचत साडेतीन हजारांच्या आत राहते आणि तेच तीस हजार वसूल व्हायला जवळपास नऊ वर्षे लागतात. तोपर्यंत बॅटरीची हमी बहुधा संपलेली असते.

बॅटरी हा ई-स्कूटरचा सर्वांत महाग भाग. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराने, काळाने आणि विशेषतः उष्णतेने हळूहळू घटते. बहुतेक कंपन्या किमान तीन वर्षांची हमी देतात. काही कंपन्या जादा पैसे घेऊन ती आठ वर्षांपर्यंत वाढवतात. हमीनंतर तीन युनिटांची बॅटरी बदलण्याची वेळ आली, तर खर्च पन्नास हजारांच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळणार, हे तिन्ही तपशील लेखी पाहणे आवश्यक आहे.

शेजाऱ्याचा हिशेब जुना

दोन्ही वाहनांच्या किमतींतील अंतरही स्थिर राहिलेले नाही. जून २०२१ मध्ये केंद्राने ई-दुचाकींचे अनुदान बॅटरीच्या प्रत्येक युनिटमागे १५ हजार रुपये केले. किमतीच्या ४० टक्के ही त्याची कमाल मर्यादा होती. जून २०२३ मध्ये ते १० हजारांवर आले आणि मर्यादा १५ टक्के झाली. एप्रिल २०२४ पासून ते युनिटला ५ हजार आणि वाहनामागे जास्तीत जास्त १० हजार रुपये एवढेच राहिले व पुढे आणखी घटवण्यात आले. दुसरीकडे, ई-स्कूटरवर ५ टक्के वस्तू व सेवा कर असताना पेट्रोलच्या स्कूटरवरील कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सबब, २०२२ मध्ये ई-स्कूटर घेतलेल्या शेजाऱ्याचे गणित आज लागू पडत नाही. खरेदीच्या दिवशी दोन्ही वाहनांची विमा व नोंदणीसह पूर्ण किंमत मांडूनच तुलना करावी.

सॉकेटचा प्रश्न

अंतराचे गणित जुळले, तरी गाडी जेथे उभी राहते तेथे वीज नसेल तर सारेच फोल ठरते. स्वतंत्र बंगल्यात हा प्रश्न नसतो. चौथ्या मजल्यावर घर आणि खाली सामायिक वाहनतळ असेल, तर मीटरपासून वायर कोणी ओढायची, तिचे बिल कोणी भरायचे, हे प्रश्न सोसायटीच्या सभेत येतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या विद्यमान वीजजोडणीवरून वाहन चार्ज करता येते. तथापि सामायिक जागेतून वायर न्यायची असल्याने सोसायटीशी आधी बोलून घेणेच शहाणपणाचे. खिडकीतून सोडलेली जोडवायर हा त्यावरील उपाय नव्हे. उत्तम अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट हवा. काढता येणारी बॅटरी घरात नेऊन चार्ज करण्याची सोय काही मॉडेलमध्ये आहे. पण रोज ते वजन जिना चढवण्याची तयारी हवी.

आगीची भीतीही अनेकांच्या मनात आहे. २०२२ मध्ये पुण्यासह देशात ई-स्कूटर पेटण्याच्या घटना घडल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक करून डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू करण्यात आले. त्यापूर्वीची जुनी ई-स्कूटर स्वस्तात मिळत असेल, तर हे ध्यानात ठेवावे.

पेट्रोलची बाजू

पेट्रोलच्या स्कूटरचे बळ तिच्या सोयीत आहे. टाकी दोन मिनिटांत भरते, कारागीर गल्लोगल्ली मिळतो आणि शनिवारी पुण्याहून साताऱ्याला निघाले तरी परतीची चिंता नसते. ई-स्कूटरचा कागदावरील पल्ला प्रत्यक्ष रस्त्यावर बराच कमी भरतो. मागे कोणी बसले, चढ आला किंवा वेग वाढला की तो आणखी आखडतो. तिला ऑइल, स्पार्क प्लग लागत नाही, हे खरे. पण विद्युत यंत्रणेत बिघाड झाला तर कंपनीच्या केंद्रावरच जावे लागते. ते केंद्र शहरात कोठे आहे, हे खरेदीपूर्वी पाहिलेले बरे.

हवेच्या दृष्टीने पारडे विजेकडे झुकते. चंद्रपूर, कोराडी येथील कोळशाच्या विजेचा वाटा धरूनही ई-स्कूटरमुळे होणारे कार्बन उत्सर्जन पेट्रोलच्या तुलनेत सुमारे निम्मे राहते आणि चौकातील धूर तेवढा कमी होतो.

तात्पर्य, रोज पंचवीस-तीस किलोमीटर धावणाऱ्या आणि रात्री हक्काच्या सॉकेटजवळ उभ्या राहणाऱ्या वाहनासाठी वीजच लाभाची. अंतर थोडे असेल किंवा सॉकेटची खात्री नसेल, तर पेट्रोलची स्कूटर घेण्यात कमीपणा काहीच नाही; चालू स्थितीतील जुनी स्कूटर आणखी दोन वर्षे वापरणे तर त्याहूनही किफायतशीर. दालनात जाण्यापूर्वी महिनाभर रोजच्या किलोमीटरची नोंद ठेवावी आणि सोसायटीच्या सचिवांची एकदा भेट घ्यावी. निम्मा निर्णय तेथेच होऊन जाईल.