बटरनटचा वेल आणि नरफुलांची धास्ती

मॉलमध्ये बटरनट हा भोपळा लाल भोपळ्याच्या कितीतरी पट भावाने मिळतो. त्यामुळे हे थंड हवेचं, नाजूक प्रकरण असणार, अशी पुष्कळांची समजूत होते. वास्तविक तो 'कुकुर्बिटा मोस्काटा' या प्रजातीचा. आपल्या मंडईत फोडी करून विकतात तो डांगर भोपळाही बहुतेक वेळा याच प्रजातीचा. बटरनट विसाव्या शतकात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आकाराला आला; बियांच्या पाकिटावर दिसणारं 'वॉल्थम' हे नाव तिथल्याच एका गावाचं. थंडी त्याला सोसतच नाही. भरपूर ऊन, शेणखत आणि निचऱ्याची माती मिळाली की डांगराच्याच हंगामात, जून-जुलैत किंवा जानेवारी-फेब्रुवारीत, तो आपल्याकडे लावता येतो.

सगळ्यात जास्त घबराट फुलांवरून. "एवढी फुलं आली आणि सगळी गळली, वेल वांझ निघाला!" अहो, पहिली येतात ती नरफुलंच, ती गळायचीच. मादीफूल मागाहून येतं आणि पाहताक्षणी ओळखू येतं, कारण पाकळ्यांखाली मान-पोटासकट इवलासा बटरनट तयारच असतो. ही फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. वरच्या मजल्यावरच्या गच्चीत मधमाश्या फिरकत नसतील, तर सकाळी लवकर ताजं नरफूल तोडावं, पाकळ्या काढाव्यात आणि आतला परागकणांचा दांडा मादीफुलाच्या मधल्या चिकट भागावर हलकेच फिरवावा. चहा ठेवण्याआधी उरकणारं काम आहे. इवलं फळ पिवळं पडून गळलं की लोक औषध फवारतात. बहुतेकदा तिथे परागीकरणच झालेलं नसतं, आणि फवाऱ्याने उरल्यासुरल्या मधमाश्याही जातात. फळावर टोचल्याची खूण आणि आत अळ्या दिसल्या, तर मात्र ती फळमाशी. फळ धरल्याबरोबर त्यावर कागदी पिशवी बांधावी.

शेजारी कारलं लावलं म्हणून बटरनट कडू होत नाही. त्यांचा संकरच होत नाही. डांगराशी होऊ शकतो, पण त्याचा परिणाम यंदाच्या फळात दिसत नाही. त्यातलं बी पेराल तेव्हा दिसेल.

भर दुपारी पानांनी माना टाकल्या की लगेच पाणी ओतू नये. संध्याकाळी ती सावरली नाहीत आणि बोटभर खोल मातीही कोरडी लागली, तरच द्यावं. शिरांच्या बेचक्यातले रुपेरी ठिपके बऱ्याचदा पानाचे स्वतःचेच असतात. भुरी रोग असेल तर बोटाला पांढरी पूड लागते.

काढणीची घाई मात्र नडते. आकार पुरा झाला म्हणजे फळ तयार झालं असं नाही. हिरव्या रेघा जाऊन साल पूर्ण बदामी व्हावी, देठ वाळावा आणि साल नखाने टोचली जाऊ नये. पेरणीपासून याला साधारण साडेतीन महिने लागतात. दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून कापावं, देठाला धरून उचलू नये. मग दहा-बारा दिवस उबदार, हवेशीर जागी ठेवावं. साल आणखी टणक होते. अख्खं फळ फ्रिजमध्ये कोंबू नये. चिरलेलं असेल, तरच ठेवावं.